रस्त्यावर, खांबांवर की जमिनीखाली? पुण्याच्या वाहतुकीचा न मिटलेला वाद

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या भुयारी मेट्रोला मान्यता दिली. अंतर ५.४६ किलोमीटर, खर्च सुमारे २,९५४ कोटी रुपये आणि स्थानके तीन. म्हणजे दोन स्थानकांत जवळपास दोन किलोमीटरचे अंतर. बालाजीनगर आणि धनकवडीच्या रहिवाशांनी विचारले, की मेट्रो आमच्या पायाखालून जाणार, मग थांबणार का नाही? वर्षभर पाठपुरावा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशी दोन जादा स्थानके मंजूर केली. त्यासाठी आणि अनुषंगिक बदलांसाठी वाढीव खर्च मान्य झाला तो सुमारे ६८३ कोटींचा.

दोन थांब्यांसाठी एवढी रक्कम लागत असेल, तर सगळ्याच मार्गांवर हाच पर्याय निवडावा का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पुण्यात तो गेली दोन दशके निरनिराळ्या नावांनी विचारला जातो आहे. आधी ‘मेट्रो की बीआरटी’ (म्हणजे बससाठी राखीव मार्गिका), मग ‘उन्नत की भुयारी’, त्यानंतर ‘पूर्ण मेट्रो, मेट्रोलाईट की निओ’. जगातल्या अनेक शहरांत ट्राम आणि भुयारी रेल्वे यांच्यात जो वाद झाला, त्याचेच हे पुणेरी रूप आहे.

आरक्षणापासून आराखड्यापर्यंत

या वादाचे मूळ मेट्रोच्याही आधीचे आहे. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या, सुमारे ३६ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाचे आरक्षण टाकले गेले. ‘उच्च क्षमता द्रुतगती मार्ग’ किंवा एचसीएमटीआर या नावाने तो ओळखला जातो. मूळ कल्पना सार्वजनिक वाहतुकीची होती. त्यावर हलकी रेल्वे धावावी की मोनोरेल, याची चर्चा अधूनमधून होत राहिली आणि आरक्षण कागदावर राहिले.

शहर मात्र कागदावर थांबले नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर, तर पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुण्यात आली. महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि क्षेत्रफळात ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. हिंजवडी, खराडी, चाकण, वाघोली अशी कामाची आणि राहण्याची ठिकाणे जुन्या गावठाणापासून चहूबाजूंना पांगली. एकाच मध्याकडे सगळे जातात, हे गृहीत धरून आखलेले मार्ग अशा शहराला पुरत नाहीत.

मेट्रोचा पहिला प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने २००९ च्या सुमारास दिला. पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या त्यातल्या दोन मार्गिका. केंद्राची अंतिम मंजुरी मिळायला डिसेंबर २०१६ उजाडले. मंजूर खर्च होता ११,४२० कोटी. मधली सात वर्षे अनेक कारणांनी गेली आणि त्यातले एक ठळक कारण होते मेट्रो खांबांवरून न्यायची की जमिनीखालून, याबद्दलचे मतभेद.

वर की खाली

त्या काळातला वाद नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. सगळी चर्चा मेट्रोच्या उंचीवर झाली, तिच्या क्षमतेवर फारशी नाही.

शिवाजीनगर ते स्वारगेट हा टप्पा भुयारी असावा, याबद्दल जवळपास एकमत होते. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता किंवा लक्ष्मी रस्ता ज्याने पायी तुडवला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे दुभाजकालाच जागा नाही, मग खांब कुठे उभारणार? वाड्यांच्या भिंतींना भिंती लागलेल्या. खाली बेसाल्टचा काळा कातळ. मुठा नदीच्या पात्राखालून बोगदे खोदणारी यंत्रे गेली, कसबा पेठ आणि मंडईच्या खाली स्थानके झाली आणि सप्टेंबर २०२४ अखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भाग प्रवाशांसाठी खुला झाला. पेठांतून स्वारगेटला काही मिनिटांत पोहोचण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्याही साधनाने झाली नसती, असे या लेखकाचे मत आहे.

वनाज–रामवाडी मार्गिकेचे तसे नव्हते. तिचा मूळ मार्ग जंगली महाराज रस्त्यावरून होता. डेक्कनचा हा रुंद, झाडांचा रस्ता खांबांनी भरून जाईल, म्हणून तोही भाग भुयारी करावा, अशी मागणी नागरिक संघटनांनी लावून धरली. तोडगा काढण्यासाठी तत्कालीन पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मार्ग रस्त्यावरून उचलून नदीकाठी नेण्यात आला. त्यातून नवा वाद उभा राहिला. मुठेच्या पात्रालगतच्या सुमारे १.७ किलोमीटरच्या टप्प्याविरुद्ध २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादात याचिका दाखल झाली. जानेवारी २०१७ मध्ये लवादाने तिथल्या कामाला तात्पुरती स्थगितीही दिली होती. पुढे अटी-शर्तींसह काम झाले.

उन्नत मार्गाची आणखी एक पुणेरी अडचण २०२१ मध्ये पुढे आली. संभाजी पुलावरून, म्हणजे लकडी पुलावरून, मेट्रोचा पूल जाऊ लागला तेव्हा गणेश मंडळांनी आक्षेप घेतला. विसर्जन मिरवणुकीतले उंच देखावे त्याखालून कसे जाणार? काही महिने काम थांबले. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल, पण ज्या शहराची सर्वांत मोठी सामूहिक घटना वर्षातून एकदा त्याच रस्त्यावरून चालत जाते, तिथे डोक्यावरची मोकळी जागाही सार्वजनिक मालमत्ता असते.

हलक्या रेल्वेची बाजू

हलकी रेल्वे म्हणजे दोन-तीन डब्यांची, रस्त्याच्या पातळीवर किंवा अंशतः पुलावर धावणारी, जवळजवळ थांबे असलेली विजेची गाडी. तिच्यासाठी मोठी स्थानके, सरकते जिने, तपासणी यंत्रे लागत नाहीत. फलाट पदपथाच्या उंचीचा असतो आणि प्रवासी रस्त्यावरून थेट चढतो.

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाईट’ची मानके प्रसिद्ध केली. गर्दीच्या तासाला एका दिशेने २,००० ते १५,००० प्रवासी असतील, अशा मार्गांसाठी ती आहेत. खर्च पूर्ण मेट्रोच्या सुमारे ४० टक्के धरला होता. पुढच्या वर्षी ‘मेट्रो निओ’ची मानके आली. निओ म्हणजे तारेवरच्या विजेवर चालणारी, रबरी टायरची लांब बसगाडी. तिची मर्यादा ताशी ८,००० प्रवासी.

या बाजूचा मुख्य मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुणे मेट्रोची गाडी तीन डब्यांची असून तिच्यात दाटीवाटीने साडेनऊशेच्या आसपास माणसे मावतात. गर्दीच्या वेळी दर सहा मिनिटांना गाडी सोडली, तर तासाला दहा फेऱ्या आणि एका दिशेने साडेनऊ हजार प्रवासी. ही क्षमता मेट्रोलाईटच्या मर्यादेत बसते. रोजचे प्रवासी एकंदर लाख-दोन लाखांच्या दरम्यान राहिले आहेत, गणेशोत्सवाचे दिवस सोडून. मग नव्या उपनगरी मार्गांवर पूर्ण मेट्रोचा खर्च कशासाठी?

मंजूर प्रकल्पांच्या किमती भागून पाहिल्या तर फरक स्पष्ट दिसतो. पिंपरी–निगडी या उन्नत विस्ताराला किलोमीटरमागे सुमारे २०५ कोटी. वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली या जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या विस्तारांना सुमारे २८५ कोटी. खराडी ते खडकवासला आणि नळ स्टॉप ते माणिकबाग या नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मार्गांना सुमारे ३१० कोटी. भुयारी स्वारगेट–कात्रजला मूळ तीन स्थानकांतच ५४० कोटी. याउलट नाशिकच्या प्रस्तावित निओचा खर्च ३३ किलोमीटरला २,०९२ कोटी, म्हणजे किलोमीटरमागे ६५ कोटींच्या आतच होता. मंजुरीची वर्षे वेगळी असल्याने ही तुलना ढोबळ आहे. तरी एका भुयारी किलोमीटरच्या पैशात आठ किलोमीटर निओ, हे प्रमाण जाळे लवकर पसरवू पाहणाऱ्याला खुणावणारच.

दुसरा मुद्दा चढ-उताराचा. जिल्हा न्यायालय स्थानकात दोन मार्गिका एकमेकींना भेटतात. एक डोक्यावर, दुसरी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. वनाजकडून आलेल्या प्रवाशाला स्वारगेटला जायचे असेल, तर उन्नत फलाटावरून सरकत्या जिन्यांच्या माळेने उतरत तो भुयाराच्या तळाशी पोहोचतो. लांबच्या प्रवासात हा वेळ वसूल होतो. दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्याला मात्र तो जड जातो आणि पुण्यातले कितीतरी प्रवास याच अंतराचे असतात.

या बाजूचे लोक फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे उदाहरण देतात. तिथे १९८९ च्या महापालिका निवडणुकीत हाच वाद होता. एका बाजूला भुयारी स्वयंचलित मेट्रो, दुसऱ्याला रस्त्यावरची ट्राम. ट्रामच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कातरीन त्रोतमान महापौर झाल्या. १९९४ मध्ये ट्राम धावली आणि तिच्यासोबत शहराच्या मध्यातून मोटारींची ये-जा कमी करण्यात आली.

पूर्ण मेट्रोची बाजू

मेट्रोचे समर्थक या हिशेबाला दोन उत्तरे देतात.

पहिले भविष्याचे. सहा मिनिटांचे अंतर दोन मिनिटांवर आणले, तर त्याच तीन डब्यांच्या गाड्यांनी क्षमता तिप्पट होते. रूळ, बोगदे, खांब पुन्हा बांधावे लागत नाहीत. हलकी रेल्वे एकदा तिच्या मर्यादेला भिडली की तोडून नवे बांधण्याखेरीज मार्ग उरत नाही. तोडफोड किती महाग पडते, याचे उदाहरण पुण्याने पाहिले आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षेही टिकला नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोला जागा करून देण्यासाठी तो २०२० च्या टाळेबंदीत पाडावा लागला आणि नंतर तिथे दुमजली पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले. त्या काळात गणेशखिंड रस्त्याने ये-जा करणाऱ्यांनी जे सोसले, ते त्यांनाच ठाऊक.

दुसरे उत्तर जागेचे आणि ते अधिक मूलभूत आहे. हलकी रेल्वे स्वस्त असते ती रस्त्यावर असते तोवर. तिला पुलावर चढवले की खांब, तुळया, उंच स्थानके, उद्वाहने सगळे आले आणि खर्चातला फरक घटत जातो. सातारा रस्ता, सोलापूर रस्ता किंवा सिंहगड रस्ता इथे दोन मार्गिका कायमच्या गाडीसाठी काढून द्यायच्या, तर मोटारी आणि दुचाकी जाणार कुठून?

समर्थकांच्या मते ट्रामच्या बाजूने दिली जाणारी परदेशी उदाहरणेही एकतर्फी आहेत. इथिओपियाच्या अदिस अबाबामध्ये २०१५ साली मोठ्या अपेक्षेने हलकी रेल्वे सुरू झाली. काही वर्षांतच सुट्या भागांअभावी तिथल्या बऱ्याच गाड्या आगारात पडून राहिल्या. आपल्याकडे मुंबईत १८७४ पासून धावलेली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली आणि १८७३ पासूनची कोलकात्याची ट्राम आता मोजक्या मार्गांपुरती उरली आहे. मुंबईची मोनोरेल हा तर आणखी ताजा अनुभव आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली ही मार्गिका प्रवाशांअभावी आणि बिघाडांमुळे रखडत चालली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेसाठी बंद ठेवावी लागली. मोनोरेल म्हणजे हलकी रेल्वे नव्हे. मात्र देशात जिचा दुसरा नमुना नाही अशी यंत्रणा घेतली की देखभालीसाठी शहर एकटे पडते, हा धडा दोन्हींना लागू आहे.

ठाणे आणि नाशिक

राज्यातल्या दोन शहरांचा अनुभव इथे उपयोगी पडतो.

ठाण्याने वर्तुळाकार मेट्रो आखली तेव्हा खर्च फार वाटला. २०२० च्या सुमारास तिच्याऐवजी हलक्या रेल्वेचा सुमारे सात हजार कोटींचा अहवाल तयार झाला. अंतर तेच, सुमारे २९ किलोमीटर. पण अंतिम मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, वर्तुळाकार मेट्रोला आणि १२,२०० कोटींना. एका पर्यायावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्याकडे येण्यात वर्षे गेली. त्या काळात घोडबंदर रस्त्यावरची गर्दी कुणासाठी थांबली नाही.

नाशिकच्या निओची घोषणा फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती. देशातली पहिली म्हणून तिचे कौतुक झाले, पण ती प्रत्यक्षात आली नाही. म्हणजे हलका पर्याय पुण्याने कुठे जाऊन पाहावा, असा चालता नमुना महाराष्ट्रात आजही नाही. वादाची पातळी उंचावायची असेल, तर ही उणीव मोठी आहे.

बीआरटीने काय शिकवले

रस्त्यावरच्या जागेचा प्रयोग पुण्याने केलाच नाही, असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. उद्देश हलक्या रेल्वेचाच होता. बससाठी वेगळी मार्गिका, मध्यभागी थांबे आणि गर्दीतही न अडकणारी सेवा.

पुढे जे झाले ते या मार्गाने रोज जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कठडे ठिकठिकाणी तुटले. सिग्नलला बसच्या पुढे दुचाकी, तिच्यामागे रिक्षा, तिच्यामागे मोटार. थांबा रस्त्याच्या मधोमध, तिथे पोहोचायला वाहनांच्या लोंढ्यातून वाट काढायची. वॉर्डन होता तिथे शिस्त होती. तो गेला की मार्गिका सगळ्यांची. २०१५ नंतर संगमवाडी–विश्रांतवाडी आणि नगर रस्त्यावर ‘रेनबो’ नावाने सुधारित बीआरटी आली, पिंपरी-चिंचवडमध्येही मार्ग झाले आणि तिथल्या रुंद रस्त्यांवर ते बरे चालले. नगर रस्त्यावरची मार्गिका मात्र कोंडीचे कारण देत पुढे काढण्यात आली.

बीआरटी फसली म्हणून हलकी रेल्वेही फसेल, असा थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रुळांवर दुचाकी घालणे बसमार्गिकेत घालण्याइतके सोपे नसते आणि गाडी अडली तर ती बाजूने काढता येत नाही, हे सगळ्यांना दिसते. त्याच कारणाने चौकातली एक बंद पडलेली मोटार अख्खी सेवा थांबवू शकते. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो. खासगी वाहनांकडून रस्त्याची जागा काढून घेण्याची आणि ती टिकवण्याची तयारी शहराच्या कारभाऱ्यांत आणि शहरवासीयांत आहे का? ती असेल तर हलकी रेल्वे खरोखर स्वस्त आहे. नसेल, तर भुयाराचे आणि पुलाचे शेकडो कोटी हे त्या नकाराचे मूल्य आहे. मेट्रोच्या खर्चाबद्दल बोलताना हा भाग क्वचितच उच्चारला जातो.

न सुटलेले

साधन कोणतेही असो, काही प्रश्न उघडे आहेत.

पहिला, स्थानकापर्यंत पोहोचण्याचा. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने पर्यायांची तुलना आणि स्थानकाभोवतीच्या पूरक सेवांचे नियोजन बंधनकारक केले. पुण्यात हे काम पीएमपी या शहर बससेवेवर येऊन पडते. तिच्याकडे गरजेपेक्षा कमी गाड्या आहेत आणि पूरक मार्गांच्या फेऱ्यांत सातत्य नाही. स्थानकाबाहेर पडल्यावर शेअर रिक्षाच शोधावी लागत असेल, तर प्रवासी दुचाकीच काढतो.

दुसरा, घनतेचा. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरमध्ये चार एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देण्याचा प्रस्ताव एके काळी गाजला. नंतर तो स्थानकांभोवतीच्या क्षेत्रापुरता आणला गेला. जास्त बांधकाम म्हणजे जास्त प्रवासी, हे गणित बरोबर असले तरी पाणी, सांडपाणी आणि पार्किंगचे काय, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. हलक्या रेल्वेला एवढ्या घनतेची गरज नसते, हा तिच्या बाजूचा एक दुर्लक्षित मुद्दा आहे.

तिसरा, अनेक संस्थांचा. पिंपरी–स्वारगेट आणि वनाज–रामवाडी महामेट्रोकडे. हिंजवडीची २३ किलोमीटरची उन्नत मार्गिका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए), खासगी भागीदारीतली. बस पीएमपीची, रस्ते दोन महापालिकांचे. कुठल्या मार्गावर कोणते साधन योग्य, हे प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी ठरवले, तर शहराचे जाळे तयार होत नाही, सुटे तुकडे होतात.

आणि चौथा, वर्तुळाचा. एचसीएमटीआरचा सहापदरी उन्नत रस्ता होऊन त्यात बसला दोन मार्गिका मिळणार, असे ठरले तेव्हा २०१९ मध्ये नागरिकांनी जोरदार विरोध केला. टेकड्या आणि झाडे जातील, मोटारींचीच सोय होईल, ही त्यांची भूमिका होती. निविदा अंदाजापेक्षा बऱ्याच चढ्या आल्या आणि प्रकल्प बारगळला. मग त्याच वर्तुळावर निओ सुचवली गेली. तीही पुढे सरकली नाही. सगळ्या मेट्रो मार्गिकांना बाहेरून जोडणारा, मध्यभाग टाळून कोथरूडहून औंधला किंवा हडपसरहून येरवड्याला नेणारा हा मार्ग आहे. मध्यम गर्दीचा, लांब वळशाचा. हलक्या साधनाची मानके ज्या वर्णनावर बेतलेली आहेत, त्यात तो चपखल बसतो.

चाकणचेही असेच झाले. नाशिक फाटा ते चाकण हा मार्ग आधी निओचा होता. औद्योगिक पट्ट्याच्या वाढीचे कारण देत पिंपरी-चिंचवडकरांनी पूर्ण मेट्रो मागितली आणि निगडीतल्या भक्ती-शक्ती चौकातून चाकणपर्यंत नवा अहवाल तयार झाला. तिथली गर्दी पाळ्यांच्या वेळेला उसळते आणि मधल्या तासांत ओसरते. पाळी सुटते त्या तासाला किती माणसे एका दिशेने जातात आणि त्यातली किती कंपनीच्या बसने, याची मोजणी लोकांसमोर ठेवून त्या मार्गाचे साधन ठरवायला अजून वेळ आहे.